एका दिशेने जाणारी वीज

मोटेची विहीर ज्यांनी चालताना पाहिली आहे, अशी माणसे आता कमी होत चालली असतील. बैल धावेवरून उताराला लागले की मोट भरून वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. बैल मागे सरतात, मोट पुन्हा विहिरीत उतरते. दिवसभर बैलांचे पुढे-मागे चालू असते, पाटातले पाणी मात्र एकाच दिशेने, उसाकडे, जात राहते. ते कधी उलटे फिरून विहिरीकडे येत नाही. बॅटरीचा चार्जर नेमके हेच काम करतो.

आपल्या घरातली वीज ही त्या बैलांसारखी आहे. सेकंदाला पन्नास फेऱ्या, म्हणजे शंभर वेळा ती दिशा बदलते. पुस्तकात तिला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात, वायरमन एसी म्हणतो. बॅटरीला हे पुढे-मागे चालत नाही. तिला एकाच दिशेने जाणारा प्रवाह लागतो, डीसी. नाहीतर एका क्षणी आत घातलेले दुसऱ्या क्षणी बाहेर काढल्यासारखे होईल. म्हणून मध्ये काहीतरी असे बसवावे लागते, जे प्रवाहाला जाऊ देईल पण परत येऊ देणार नाही. त्याला रेक्टिफायर म्हणतात. एका मोटेच्या विहिरीवर बैल मागे सरताना धार तुटते. दोन मोटा असल्या तर एक वर येताना दुसरी खाली जाते आणि पाट वाहता राहतो. रेक्टिफायरचेही असेच दोन प्रकार आहेत, अर्ध्या लहरीचा आणि पूर्ण लहरीचा. ही दुमोटेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. विजेशी माझा व्यवहार बिल भरण्यापुरता. पण सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मामूंचे बॅटरी चार्जिंगचे दुकान होते, आणि त्या दुकानातला जुना चार्जर काही महिन्यांपूर्वी मामूंच्या नातवाने दुरुस्तीसाठी उघडला. तो पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला आहे. मी शेजारी बसून पाहत होतो. झाकण निघाले आणि आत एक नव्हे, तीन चार्जर दिसले. मधोमध जाड ट्रान्सफॉर्मर. त्याच्या डाव्या बाजूला चिनी मातीचे एक मोठे होल्डर, दिवा नसलेले. मागे एका सळईत ओवलेल्या चौकोनी पत्र्यांची माळ, तिच्या सर्व तारा तोडलेल्या. आणि उजवीकडे ॲल्युमिनियमच्या पट्टीत ठोकून बसवलेली बोराएवढी चार धातूची बटणे. होल्डर, माळ, बटणे. विजेला एका दिशेने वळवण्याचे जगाने शंभर वर्षांत जे मार्ग शोधले, त्यांतले तीन एकाच पेटीत एकापाठोपाठ एक येऊन बसले होते.

ही भानगड मुळात झाली कशी, ते आधी सांगतो. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते याने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाच्या तेजाबात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी केली. १८८१ मध्ये त्याच देशातल्या कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची ताकद वाढवली. आजच्या ट्रकमधली बॅटरी तिचीच वंशज आहे. पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८८२ रोजी, एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले. त्याची वीज डीसी होती. बॅटरीची आणि वीजघराची भाषा तेव्हा एकच होती, मध्ये दुभाष्या लागत नव्हता. पण डीसी दूर नेता येईना. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता-उतरवता येतो, आणि वाढवलेल्या दाबाने वीज कोसच्या कोस जाते. १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता. एसी जिंकली. बॅटरी मात्र उघड्यावर पडली. गावात वीज आली होती, पण ती बॅटरीच्या उपयोगाची नव्हती.

मुंबईकरांना हा तिढा वेगळा समजावून सांगायला नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. रुळांच्या कडेला उपकेंद्रे बांधून तिथे एसीची डीसी करावी लागे. पश्चिम रेल्वेवर हा प्रकार २०१२ मध्ये संपला, मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ मध्ये. आता तारेत एसी आहे आणि दिशा वळवण्याचे काम गाडीच्या पोटात होते. म्हणजे मामूंच्या चार्जरचाच प्रश्न, फक्त हत्तीएवढा.

सुरुवातीचा उपाय राक्षसी होता. एसीवर मोटार फिरवायची, तिच्या दांड्याला डायनॅमो जोडायचा आणि डायनॅमोतून डीसी घ्यायची. हे गिरणीला परवडे, दुकानदाराला नाही. १९०२ मध्ये अमेरिकेत पीटर कूपर ह्यूइट याने पाऱ्याचा रेक्टिफायर काढला. काचेचा मोठा फुगा, तळाशी पारा, आणि चालू झाला की आत निळसर जांभळा उजेड नाचायचा. त्या काळात अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या मोटारी बऱ्याच होत्या आणि त्या घरच्या गॅरेजमध्ये या फुग्यावर चार्ज होत. पुढे पेट्रोलने त्यांना हटवले. गंमत अशी, की पेट्रोलच्या गाडीनेच बॅटरी घरोघर नेली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, हँडल मारायचे दिवस संपू लागले आणि प्रत्येक गाडीला बॅटरी लागू लागली. बॅटऱ्या आल्या तशा उतरूही लागल्या. गल्लीतल्या गॅरेजवाल्याला परवडेल असा रेक्टिफायर हवा होता.

तो १९१६ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकने आणला. नाव टंगर, टंगस्टन आणि आर्गॉन या दोन शब्दांची जुळणी. दिसायला मोठ्या दिव्यासारखा. आत टंगस्टनची तापणारी तार, तिच्यासमोर ग्रॅफाइटची गोटी, आणि फुग्यात थोडा आर्गॉन वायू. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात, गोटीकडे जातात. गोटी थंड, तिच्यातून उलटे काही निघत नाही. झाली दिशा पक्की. आमच्या पेटीतले चिनी मातीचे होल्डर अशाच दिव्याचे. नातवाने आधी होल्डर ओळखले नाही, ट्रान्सफॉर्मर ओळखला. त्यावर नेहमीच्या गुंडाळ्यांशिवाय बोटभर जाडीच्या तांब्याच्या पट्टीचे मोजके वेढे होते, टोके तोडलेली. "चाचा, एवढ्या थोड्या वेढ्यांतून फार तर दोन-अडीच व्होल्ट मिळतील, पण करंट भरपूर. बॅटरीला याचा काय उपयोग?" बॅटरीला नव्हताच. तो दिव्याची तार तापवण्यासाठी होता. एका दिव्याचा चार्जर म्हणजे एका मोटेची विहीर, अर्धी लहर वापरायची, अर्धी सोडून द्यायची. शिवाय दिव्यात वायू पेटता ठेवायलाच काही व्होल्ट खर्ची पडत. ही नासाडी धरूनच ट्रान्सफॉर्मरवाल्याने वेढे जास्त दिलेले असत.

ही पेटी माझ्या नानांनी पन्नासच्या दशकात मुंबईच्या चोरबाजारातून आणली, असे घरात सांगतात. तेव्हा तालुक्याला वीज नुकती आली होती आणि भोवतालच्या खेड्यांत नव्हती. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातल्या लाखो खेड्यांपैकी सुमारे १५०० खेड्यांतच वीज होती. आणि रेडिओ तर आला होता. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झाले. ट्रान्झिस्टर येण्याआधीचा रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हांचा, भुकेला. वीज नसलेल्या गावात रेडिओ म्हणजे बॅटरीचा रेडिओ. बॅटरी उतरली की ती सायकलच्या कॅरिअरला बांधून, तेजाब सांडणार नाही अशी जपत, वीज असलेल्या गावी न्यायची, एक-दोन दिवस ठेवायची आणि भरून परत आणायची. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. मराठी मुलखातले पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावे, आठवड्याला दोन असे वीस कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकत, ऐकल्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरथ यांचे त्यावरचे पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये काढले. नभोवाणीच्या इतिहासात तो प्रयोग मानाने सांगितला जातो आणि सांगावाच. पण मला राहून राहून वाटते, की असल्या इतिहासात स्टुडिओ असतो, निवेदक असतो, ऐकणारा शेतकरी असतो. त्या दोघांच्या मध्ये तालुक्याच्या गल्लीत फळीवर बॅटऱ्या मांडून बसलेला माणूस असतो, तो कुठे येत नाही.

तर त्या माणसाविषयी. मी पाहिले ते दुकान सत्तर-ऐंशीच्या दशकातले, नानांनंतर मामूंनी चालवलेले. जमिनीवर लाकडी फळ्या, फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग, सगळ्यांची बुचे उघडी. जोडायला शिशाच्या पट्ट्या आणि मगरीच्या जबड्याचे चिमटे. प्रत्येक बॅटरीवर खडूने आकडा. चार्जिंग भरत आले की आत बुडबुडे उठत आणि दुकानभर बारीक सळसळ ऐकू येई, भात शिजतो तशी. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, ठिणगी पडली तर स्फोट. म्हणून दुकानात बिडी बंद, मग गिऱ्हाईक पोलीस पाटील का असेना. मामूंच्या हातात रबरी फुग्याची काचनळी असायची. ती बॅटरीत बुडवून पाणी ओढायचे आणि तरंगती कांडी कुठे थांबते ते पाहायचे. १२५० म्हणजे भरली, ११५० म्हणजे उतरली. याला ग्रॅव्हिटी पाहणे म्हणत. मामूंच्या प्रत्येक सदऱ्याला तेजाबाची भोके होती. कपाटात खाण्याच्या सोड्याचा डबा कायम भरलेला, कुणाच्या हातावर थेंब उडाला की आधी पाणी, मग सोडा. आम्हा पोरांना एकच वाक्य ऐकू यायचे, "हात नक्को लगा रे!"

ट्रक, ट्रॅक्टर, जीप, लग्नातले लाऊडस्पीकरवाले, सगळे येत. पण गर्दी म्हणावी ती १९८७ पासून. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचे. वीज नसलेल्या वस्त्यांवर, आणि जिथे वीज असून नसल्यासारखी होती तिथे, छोटा कृष्णधवल टीव्ही बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवत. शनिवारी दुपारपासून बैलगाडीतून, सायकलवरून, डोक्यावरून बॅटऱ्या येत. मामू रात्रभर जागत. फळीवर जागा नसे तेव्हा अंगणात मांडत. पहाटे फजरची नमाज झाली की ग्रॅव्हिटी पाहून एकेक बॅटरी सोडवत आणि लांबच्या वस्तीची आधी द्यायची असा त्यांचा नियम होता. "नऊ वाजायच्या आत पोचली पाहिजे," म्हणायचे. त्यांनी स्वतः त्या मालिकेचा एखादा भाग तरी पुरा पाहिला असेल की नाही, मला शंका आहे. रविवारी सकाळी ते झोपलेले असत.

आता पेटीतली दुसरी वस्तू, पत्र्यांची माळ. ही सेलेनियमची. हे मूलद्रव्य स्वीडनच्या बर्झेलियसला १८१७ मध्ये सापडले, तेही कुठे, तर ग्रिप्सहोमच्या गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात. म्हणजे ज्या तेजाबाने पुढे बॅटऱ्या चालल्या, त्याच्याच साक्याला हा पदार्थ होता. गाळाला मुळ्यासारखा वास येत होता, त्यामुळे आधी तो टेल्युरियम समजला गेला. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून ठेवलेले, म्हणून या नव्या भावंडाला बर्झेलियसने चंद्राचे नाव दिले, ग्रीक सेलेने. कवीला असे काही सापडले की तो थांबतो, पण आपण पुढे जाऊ. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ समुद्री तारायंत्राच्या केबलची चाचणी घेत होता. त्याच्या सेलेनियमच्या कांड्या उजेडात जास्त वीज वाहून नेऊ लागल्या. अंधारात एक, उजेडात दुसरेच. अशा लहरी पदार्थाकडून इमानी काम होईल असे कुणाला वाटले नसते.

सेलेनियमच्या आधी तांब्याच्या ऑक्साइडच्या चकत्या आल्या. अमेरिकेतल्या युनियन स्विच अँड सिग्नल या रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीत एल. ओ. ग्रोंडाल याने विसाच्या दशकात त्या तयार केल्या. सिग्नलच्या बॅटऱ्या भरायला काचेचा दिवा नको, न फुटणारे काहीतरी हवे, ही त्या कंपनीची गरज होती. मग तिसाच्या दशकात जर्मनीत सेलेनियमच्या पट्ट्या बाजारात आल्या. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सेलेनियमचा पातळ थर, त्यावर कथिल-कॅडमियमसारख्या मिश्रधातूचा दुसरा. फुटत नाही, तापवावे लागत नाही, एका सळईत हव्या तेवढ्या ओवायच्या. एक पट्टी वीस-पंचवीस व्होल्टचा उलटा दाब सोसते, जास्त हवा असेल तर पट्ट्या वाढवायच्या. पट्ट्यांमध्ये फट ठेवायची, कारण त्या तापतात आणि हवा खेळायला हवी. ओळखायला सोपी. पिवळ्या रंगाच्या ठिपक्याला एसी जोडायची, तांबडा म्हणजे अधिक, काळा म्हणजे उणे. चार गट अशा रीतीने जोडले की दोन्ही लहरी कामाला येतात. ही झाली दुमोटेची विहीर. दिवे मिळेनासे झाले तेव्हा मामूंनी होल्डर तसेच ठेवून ही माळ बसवली.

सेलेनियमचा दुर्गुण असा की ते म्हातारे होते. दरवर्षी त्याचा विरोध थोडा थोडा वाढतो, चार्जर मंदावतो, आणि दुकानदार ट्रान्सफॉर्मरचा बटण एकेक पायरी वर नेत जातो. पायऱ्या संपल्या की एक दिवस पट्टी जळते. आमची १९८३ च्या उन्हाळ्यात जळली. त्या दुपारी मी दुकानात होतो. सडलेल्या मुळ्याचा आणि लसणाचा मिळून असावा असा वास, घशाला झोंबणारा. मामूंनी खटका पाडला आणि आम्हा सगळ्यांना हाताला धरून रस्त्यावर काढले. गिऱ्हाईक बॅटरीसाठी आत जाऊ पाहत होते, त्याला अडवले. संध्याकाळपर्यंत दुकान उघडे टाकून सगळे बाहेर बसलो. सेलेनियमचा धूर विषारी असतो हे पुस्तकात आहे. मामू उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना हे कुणी सांगितले होते कोण जाणे, पण माहीत होते.

त्यानंतर ती चार बटणे बसली, सिलिकॉनचे डायोड. ट्रकच्या अल्टरनेटरमधून काढलेले. त्यांचीही वंशावळ लांबची आहे. काही खनिजांतून वीज एका बाजूने सहज जाते आणि दुसऱ्या बाजूने अडते, हे जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउनने १८७४ मध्येच नोंदवले होते. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी शिशाच्या खनिजाचा, गॅलेनाचा, लहरी टिपण्यासाठी उपयोग केला. त्याच्या अमेरिकी पेटंटचा अर्ज १९०१ चा, पेटंट मिळाले १९०४ मध्ये. अर्धवाहकावरचे ते जगातले पहिले पेटंट. म्हणजे तत्त्व जुने, पण ते सूक्ष्म लहरींपुरते. बॅटरी भरण्याएवढा प्रवाह त्यातून नेण्यासाठी अतिशुद्ध सिलिकॉन लागत होते. १९४० मध्ये बेल प्रयोगशाळेत रसेल ओहल यांच्या हाती सिलिकॉनचा एक तडकलेला तुकडा आला आणि त्या तड्याच्या दोन बाजूंचे सिलिकॉन वेगवेगळ्या स्वभावाचे निघाले. तिथून पन्नाशीच्या दशकात मोठे डायोड तयार झाले. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंट गाडीत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. तो एसी निर्माण करतो आणि पाठीवरच्या डायोडांनी डीसी करून बॅटरीला देतो. म्हणजे गाडी आपला चार्जर स्वतःच घेऊन फिरू लागली. तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्येही दारातच असे चार डायोड बसलेले असतात, मुगाच्या दाण्याहून लहान.

अल्टरनेटरचे डायोड दोन जातींचे. काहींवर तांबडी खूण, काहींवर काळी. दोघांच्या दिशा एकमेकींच्या उलट. मामूंनी दोन तांबडे, दोन काळे घेऊन दोन वेगळ्या पट्ट्यांवर ठोकले होते, अगदी बरोबर. त्यांतला एक आता आरपार झाला होता. नातवाने मीटर लावला, दोन्ही बाजूंनी वाट मोकळी दाखवली. त्यामुळे चालू केले की फ्यूज जात होता. मुख्य तारेवरचे रबर हाताला लागताच गळून पडत होते. दोन पिनांची वायर, अर्थिंग नाही. फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची जाड तार गुंडाळली होती. हे सगळे बदलायचे ठरले. चार बटणांऐवजी आता एकच चौकोनी धातूचा ठोकळा मिळतो, पस्तीस अँपिअरचा, मधोमध स्क्रूसाठी भोक. तो ॲल्युमिनियमवर पांढरी पेस्ट लावून कसला. अर्ध्या तासाचे काम.

अडचण पुढे आली. ट्रान्सफॉर्मरच्या सहा पायऱ्यांपैकी पाचवी आणि सहावी यांच्या तारा तोडून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. आणि बाहेर जाणाऱ्या तारेच्या वाटेत, चिनी मातीच्या दोन गोट्यांवर, शेगडीच्या कॉइलचे तीन तुकडे शेजारीशेजारी ताणून बसवले होते. "ही शेगडी इथे कशाला? उगाच वीज खाते," नातू म्हणाला आणि पक्कड घेतली. त्याचे तर्कशास्त्र चूक नव्हते. कॉइल म्हणजे विरोध, विरोध म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे नासाडी.

पण तोडण्याआधी त्याने मोजायचे ठरवले, ही त्याच्या शिक्षणाची पुण्याई. उतरलेली बॅटरी लावली, चौथ्या पायरीवर. कॉइलसकट काटा सहा अँपिअरवर थांबला. मग चिमट्याने कॉइल वगळून, म्हणजे वाट आखूड करून, पाहिले. काटा दहाच्या पुढे जाऊन खिळ्याला टेकला. त्याने झटकन खटका पाडला. मग कागदावर आकडे मांडले. मूळ ट्रान्सफॉर्मर दिव्यासाठी गुंडाळलेला. दिवा काही व्होल्ट खाई आणि अर्धीच लहर देई. सेलेनियम दोन्ही लहरी देई, पण स्वतः बरेच खाई आणि म्हातारपणी जास्तच. सिलिकॉन दोन्ही लहरी देते आणि जवळपास काही खात नाही. प्रत्येक नवा भाग जुन्यापेक्षा चांगला होता, आणि तेवढ्यानेच बॅटरीवर जास्त प्रवाह लोटला जाणार होता. बारा व्होल्टची बॅटरी साडेचौदा व्होल्टच्या आसपास भरते. त्यावर दामटत राहिलो तर पाणी उकळल्यासारखे उडते, पत्र्यांवरचा लेप झडतो आणि खोलीत हायड्रोजन साठतो. जुन्या भागाचा आळशीपणा हाच त्या चार्जरचा लगाम होता. भाग बदलल्यावर लगाम वेगळा घालावा लागतो. मामूंनी दोन पायऱ्या तोडून आणि शेगडीची कॉइल ताणून तो घातला होता. नातवाने पक्कड खाली ठेवली.

सेलेनियमच्या माळेचे काय करायचे, हा प्रश्न उरला. भंगारवाला तांब्याच्या लोभाने असल्या वस्तू जाळतो, आणि हिच्यात सेलेनियमबरोबर कॅडमियमही आहे. तारा तोडलेल्या आहेत, कुणाला त्रास नाही. आहे तिथेच राहू दिली. चिनी मातीचे होल्डरही.

झाकण बसवताना आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले दिसले. अक्षर मामूंचे, मराठी, आकडे मात्र उर्दू वळणाचे. "ता. २-६-८३. शेलेनियम जळाले. डायोड ४ बसवले. पॉइंट ५-६ बंद. कॉइल ठेवणे." मामू २००९ मध्ये गेले. नातवाने ते दोनदा वाचले, खिशातले मार्कर काढले आणि त्याखाली आजची तारीख घालून लिहिले, "ब्रिज बदलला, ३५ अँपिअर. अर्थिंग दिले. फ्यूज १० अँपिअर. कॉइल काढू नये."